लाइट जाऊन आली की आयपी कॉन्फ्लिक्ट, लॅबचं बिलिंग अडतंय

लॅबवाला_कराड:
नमस्कार मंडळी, आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, सहा पीसी, एक नेटवर्क प्रिंटर, एकच राउटर आणि त्याच्यावरच पेशंटना वायफाय पण दिलंय. महिनाभर झाला, सकाळी ऐन गर्दीत बिलिंगच्या पीसीवर आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे नेटवर्कवरचा एकच नंबर दोघांकडे असल्याचा, मेसेज येतो, नेटच्या चिन्हावर पिवळा त्रिकोण आणि पावती निघत नाही, समोर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली म्हातारी माणसं ताटकळतात ते बघवत नाही. पीसी रिस्टार्ट केला की चालतो. केबल बदलून झाली, ज्याने नेटवर्क जोडलं तो म्हणतो राउटरच बदला. सगळे पीसी ऑटोमॅटिकवर आहेत, म्हणजे आयपी राउटरच देतो, फक्त प्रिंटरला हाताने १९२.१६८.१.२० दिलाय.

नेटवर्क_सातारा:
राउटर एवढ्यात बदलू नका. कॉन्फ्लिक्टच्या आधी लाइट जाते का? आणि त्या पीसीच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजमधल्या नोंदी दाखवणारं ॲप), सिस्टीम लॉगमध्ये ४१९९ नंबरचा इव्हेंट शोधा, त्यात भांडणाऱ्या दुसऱ्या डिव्हाइसचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख, असतो.

लॅबवाला_कराड:
हो की! ज्या दिवशी लाइट जाते त्याच दिवशी होतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. इव्हेंट पण सापडला, १९२.१६८.१.१२ साठी, मॅक डीई ने सुरू होतोय, आमच्या एकाही पीसीचा नाही. पीसी आणि स्विच यूपीएसवर आहेत, राउटर बाहेर भिंतीवर आहे तो नाही.

नेटवर्क_सातारा:
मग सापडलं. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुतेक फोनने स्वतः बनवलेला रँडम मॅक, अँड्रॉइड १० पासून फोन डीफॉल्टनेच असं करतात. म्हणजे तुमचा १२ नंबर (१९२.१६८.१.१२) कुठल्यातरी पेशंटच्या मोबाइलला गेलाय.

कुणाला कुठला आयपी किती वेळासाठी दिला, म्हणजे लीज, त्याची यादी राउटर ठेवतो, आणि बऱ्याच राउटरमध्ये ती रॅममध्येच असते, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरवर सुद्धा, लाइट गेली की कोरी. तुमचा पीसी मात्र यूपीएसवर, स्विचही चालू, त्याला काही झालंय हे कळतच नाही, तो १२ नंबर धरून बसतो आणि लीजची अर्धी मुदत होईपर्यंत राउटरला विचारायला जात नाही, २४ तासांची असेल तर १२ तास. तेवढ्यात फोन आला की राउटर त्याला तोच नंबर देतो. काही राउटर देण्याआधी पिंग करून, म्हणजे त्या नंबरला हाक मारून, बघतात, पण विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा उत्तरच देत नाही, मग नंबर रिकामा वाटतो. खरं तर फोनने एआरपीने, म्हणजे हा नंबर कुणाकडे आहे असं नेटवर्कवर विचारून, तपासावं आणि नंबर वापरात दिसला तर नकार कळवावा असं १९९७ च्या आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियमपत्रात आहे, पण सगळेच तपासत नाहीत. रिस्टार्टनंतर पीसी नव्याने विचारतो आणि दुसरा नंबर घेतो, म्हणून तेवढ्यापुरतं चालतं.

सिसॅडमिन_पुणे:
अगदी बरोबर. राउटर यूपीएसवर घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं तरी तो रिस्टार्ट होतोच. पीसींना हाताने आयपी टाकत बसू नका, राउटरमध्येच मॅकप्रमाणे रिझर्व्हेशन करा, म्हणजे प्रत्येक पीसीचा नंबर राखून ठेवा, ते सेटिंगमध्ये सेव्ह होतं त्यामुळे लाइट गेली तरी पुसलं जात नाही. आणि तुमचा प्रिंटर पूलच्या, म्हणजे राउटर स्वतःहून वाटतो त्या नंबरांच्या, आतच बसलाय अशी मला दाट शंका आहे, उद्या त्याचाही नंबर जाईल, म्हणून पूल १०० पासून २०० पर्यंत ठेवा. पेशंटचं वायफाय गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर, टाका, रिपोर्ट असलेल्या पीसीच्या नेटवर्कमध्ये बाहेरचे फोन नकोतच. हे लॅब बंद झाल्यावर करा आणि नंतर सगळे पीसी एकदा रिस्टार्ट करा, नाहीतर जुन्या लीज धरून बसतील.

लॅबवाला_कराड:
दादा, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री केलं. प्रिंटर खरंच पूलमध्ये होता, पूल २ पासूनच सुरू होता. गेस्ट नेटवर्क या राउटरवर मिळत नाहीये, त्यासाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं उपकरण) बघतोय. राउटर यूपीएसवर घेण्याआधी मुद्दाम दोनदा प्लग काढला, घरच्यांचे तीन फोन जोडले, त्यांना १०४, १०५, १०६ मिळाले आणि बिलिंगचा पीसी आपल्या ३१ वरच राहिला, पावती पण लगेच निघाली.