ब्लॉक केलं की नवं खातं, आता स्टेशनवरही उभा असतो: एनसी पुरेशी आहे का?

स्वाती_ठाणे: मैत्रिणीसाठी विचारतेय. एक जण दोन महिने इन्स्टाग्रामवर रोज मेसेज करतोय. ब्लॉक केलं की नव्या खात्यावरून येतो. आता ऑफिस सुटायच्या वेळी स्टेशनच्या पुलावर उभा असतो. पोलीस ठाण्यात "एनसी लिहून देतो, पण स्टेशन रेल्वे पोलिसांच्या हद्दीत येतं" असं सांगितलं. पुढे काय करायचं?

कोर्टनाका: एनसी घेऊन परत येऊ नका. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, त्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे एफआयआरच व्हायला हवा. (जुन्या आयपीसीत हेच ३५४-ड होतं, १ जुलै २०२४ पासून ७८.) मागे मागे फिरणं आणि इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणं, दोन्ही त्यात येतं. पहिल्यांदा दोषी ठरला तर ३ वर्षांपर्यंत कैद, पुन्हा ठरला तर ५ वर्षांपर्यंत.

हद्दीचं कारण चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, शून्य क्रमांकाने एफआयआर घेऊन तो हद्दीतल्या ठाण्याकडे वर्ग करायचा असतो. जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा, प्रत फुकट मिळते. "आधी चौकशी करतो" म्हणाले तर त्यालाही उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती १४ दिवसांत संपवावी लागते. नकारच दिला तर तक्रार लेखी, पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, शहरात उपायुक्तांना. तरीही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

खटले बहुधा एका मुद्द्यावर लंगडे पडतात: नकार कागदावर नसतो. कलमाला "स्पष्ट नकारानंतरही वारंवार" हे लागतं. तिने एकदाच लिहावं, "मला तुमच्याशी संपर्क ठेवायचा नाही. मेसेज करू नका, समोर येऊ नका." त्यानंतर एक अक्षरही नको. रागाने दिलेलं उत्तरसुद्धा पुढे "बोलणं चालूच होतं" म्हणून तिच्यावरच उलटवलं जातं.

हॅशव्हॅल्यू: पुराव्याचा क्रम पाळा: आधी जतन, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. रिपोर्टनंतर खातं उडालं तर हातात काही उरत नाही.

नुसता चॅटचा स्क्रीनशॉट कमी पडतो, कारण वर दिसणारं नाव तो केव्हाही बदलू शकतो. प्रोफाइल उघडून यूजरनेम आणि पूर्ण लिंक घ्या. स्क्रीनशॉट कापू नका, तारीख-वेळ दिसू द्या. वहीत प्रत्येक खात्याला एक ओळ: तारीख, वेळ, यूजरनेम, लिंक, स्क्रीनशॉटचा क्रमांक. पुलावर दिसला त्या दिवसांचीही नोंद त्याच वहीत, कोणता जिना, किती वाजता, सोबत कोण होतं. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी तक्रारीसोबतच द्या.

मूळ फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) लिहितात.

स्वाती_ठाणे: सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली तर पोलीस ठाण्यात जायची गरज नाही ना?

कोर्टनाका: आहे. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, ती राज्याच्या पोलिसांकडे पाठवली जाते. निनावी पर्याय निवडलात तर पाठपुरावाही करता येत नाही. ओटीपीने लॉगिन करून तक्रार करा आणि पावती क्रमांक पोलीस ठाण्यातल्या अर्जात लिहा. तिच्या नावाने बनावट खातं काढलं असेल तर आयटी कायद्याचं ६६-क, निनावी खात्यावरून धमकी असेल तर न्याय संहितेचं ३५१(४) अर्जात घाला. ६६-अ मात्र लिहू नका, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलंय.

अजून एक. पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे तो त्याच संध्याकाळी सुटू शकतो. म्हणून एफआयआरच्या अर्जातच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली चॅप्टर केसची (प्रतिबंधक कारवाईची) मागणी करा. त्यात शांतता राखण्याचं बंधपत्र घेता येतं, जास्तीत जास्त एक वर्षाचं.