मशीन फेका, इम्प्लांट करा? आमच्या कट्ट्यावरच्या पोस्टला उत्तर

नेरूळकाका
आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट आली: ‘कानाचं मशीन फेकून द्या. मध्यकर्णात इम्प्लांट बसवा. एकदाच खर्च, मग आयुष्यभर निश्चिंत.’ खाली अंगठ्यांची रांग. आज सकाळी ज्वेल तळ्याला फेरी मारताना दोघांनी मला थांबवून विचारलं, मुलाला सांगून करून घेऊ का म्हणून. त्यातले एक पंचाहत्तरीचे आहेत, मशीन नीट लागलंय, फक्त शिट्टी मारतं. त्यासाठी कवटीला ड्रिल लावायचं? डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. (मध्यकर्ण म्हणजे कानाच्या पडद्यामागची तीन बारीक हाडांची जागा. इम्प्लांट ती हाडं हलवून आवाज आत पोचवतं.)

‘एकदाच’ हेच मुळात चूक. जो प्रकार पूर्ण कातडीखाली जातो त्याची बॅटरीही आतच असते. काही वर्षांनी ती संपली की कानामागे पुन्हा चीर. २०१० साली अमेरिकेत मंजूर झालेल्या एस्टीम नावाच्या इम्प्लांटमध्ये तर ऐरणीच्या, म्हणजे त्या तिघांतल्या मधल्या हाडाचा तुकडा काढावा लागतो. तो परत बसवता येत नाही.

आणि कंपनी टिकणार का, हे कोणी विचारतच नाही. व्हायब्रंट साउंडब्रिज हे दुसरं इम्प्लांट बनवणाऱ्या सिम्फोनिक्स कंपनीला २००० साली अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. मेड-एल या दुसऱ्या कंपनीने ते काम उचललं म्हणून पेशंटांचं निभावलं. कॅरिना हे आणखी एक इम्प्लांट ओटोलॉजिक्स कंपनीचं, ते कॉक्लिअर कंपनीकडे गेलं आणि पुढे बंदच झालं. मशीन बिघडलं तर आपण दुसऱ्या कंपनीचं घेतो. डोक्यातल्या वस्तूचं काय करणार?

माझ्या मेव्हण्याला २००४ साली परदेशात असताना इम्प्लांट बसवलं. ऐकू छान यायचं, ते नाकारत नाही. पण इथे परत आल्यावर कंबर धरली, एमआरआय सांगितला, आणि एमआरआयच्या दारातून त्याला परत पाठवला. जुनं मॉडेल, एमआरआयच्या चुंबकाला चालेल याची खात्री कोणी देईना. सीटीवर भागवलं. दोन महिने तो माणूस कुशीवर वळू शकत नव्हता.

ऐरोलीची वर्षा
काका, तुमचा राग त्या पोस्टवर आहे आणि फटका आमच्यासारख्यांना बसतोय.

माझ्या धाकट्या भावाला जन्मतः दोन्ही कानांना भोकंच नाहीत. त्याने कुठलं मशीन कुठे घालायचं? लहानपणापासून कानामागच्या हाडावर दाबून बसणारा, हाडातून आवाज पोचवणारा पट्टा. उन्हाळ्यात घामाने कानामागची कातडी सोलायची, शाळेतून आला की आधी पट्टा काढून फेकायचा आणि मग घरात कोणाचंच ऐकायचा नाही. तिथे लाल खळगा पडलेला असायचा, आई खोबरेल लावायची. एकोणिसाव्या वर्षी, २०१७ साली, एका कानाला साउंडब्रिज बसवलं. त्याआधी तीन वर्षं आईने अशाच ‘डोक्याला ड्रिल’वाल्या गप्पा ऐकून वाया घालवली.

आता बाजारात भाजीवाली ‘पाच’ म्हणाली की ‘सात’ हे त्याला तोंड न बघता कळतं. ज्याला हे आयुष्यभर कळलंय त्याला त्याची किंमत नाही कळायची. आठ-नऊ वर्षं झाली, एकदाही उघडावं लागलेलं नाही.

नेरूळकाका
वर्षाताई, तुमच्या भावाबद्दल मी एक शब्द लिहिलेला नाही. पंचाहत्तरीच्या, चालू मशीनवाल्या माणसाबद्दल लिहिलंय. नीट वाचा.

वर्षा
‘डोक्यातल्या वस्तूचं काय करणार’ हे तुम्ही सगळ्यांनाच विचारलंय. नीटच वाचलंय.

कानवाली ताई (ठाणे)
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, नौपाड्यात बसते. दोघांचंही निम्मं बरोबर आहे.

काका, तुम्ही दोन वेगळ्या वस्तू एकात मिसळल्यात. साउंडब्रिजच्या आत बॅटरी नसतेच. ती बाहेरच्या प्रोसेसरमध्ये असते, तो कानामागे चुंबकाने चिकटतो, बॅटरी घरी बदलता येते. आतला थरथरणारा भाग जेमतेम अडीच मिलिमीटरचा, साधारणपणे ऐरणीला चिमट्यासारखा अडकवतात, हाड कापत नाहीत. वर्षाच्या भावासारख्या कानात गोल खिडकीवरही (आतल्या कानाच्या तोंडावरचा पातळ पडदा) बसवतात. पहिला पेशंट १९९६ चा, म्हणजे पुष्कळ वर्षांचा अनुभव गाठीशी आहे. फायदा टिकतो आणि उरलेलं ऐकणं ऑपरेशनमुळे सहसा फारसं घसरत नाही, असंच बहुतेक पाहण्यांतून दिसलंय. एमआरआयचं म्हणाल तर नंतरचं मॉडेल १.५ टेस्लाला (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) चालतं, अटी पाळून.

पण वर्षा, ‘उघडावं लागलं नाही’ हा तुमच्या भावाचा अनुभव. काहींना पुन्हा ऑपरेशन लागतं. ऑपरेशनची वाट चेहऱ्याच्या नसेच्या अगदी शेजारून जाते, आणि भोक नसलेल्या कानात ती नस नेहमीच्या जागी असेलच असं नाही. चवीची नस दुखावली तर जिभेच्या एका बाजूला महिनोन्‌महिने धातूची चव राहते.

माझ्याकडे ज्यांच्यासाठी मी स्वतः इम्प्लांटचा विषय काढते ते कान वाहणारे लोक. मशीनचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, घातला की पावसाळ्यात आत बुरशी, काढला की ऐकू नाही. त्यांचा कान आधी कोरडा करावा लागतो, मग पुढची गोष्ट. शिट्टी मारते म्हणून कोणी आलं तर मी आधी मोल्ड बदलते.

तुर्भे फिटर
सगळे बसवायचं काय ते बोलताय. कान गेला कुठे हे कोणी विचारत नाही. मी टीटीसीत (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा) एका फोर्जिंग शॉपमध्ये, लोखंड तापवून ठोकायच्या कारखान्यात, २७ वर्षं काढली. हॅमर पडला की पायाखालची जमीन हलायची. सुरुवातीला कंपनीने काय दिलं? कापूस. आज नात फोनवर बोलते तर मला फक्त ‘आ आ ओ’ ऐकू येतं, अक्षरं नाहीत. मला कोण देणार इम्प्लांट?

रबाळे सेफ्टी
दादा, वाईट वाटतं, पण दुसरी बाजूही लिहितो. मी सेफ्टीत आहे. आम्ही इअरप्लग देतो, सह्या घेतो, पाठ फिरली की प्लग खिशात. नियम स्पष्ट आहे, आठ तासांना ९० डेसिबलपर्यंतच आवाज. माणूसच घालत नसेल तर कंपनीने काय करायचं?

तुर्भे फिटर
कधी हॅमरसमोर उभा राहिलायस? लालभडक नग सांडशीत धरलेला, समोरचा ओरडतो ‘मार’ किंवा ‘थांब’. डोक्यावरून क्रेन जाते, तिचा भोंगा. प्लग घातला आणि ‘थांब’ ऐकू नाही आलं तर हात जातो. माझ्या शेजारच्या हॅमरवरच्या पोराची दोन बोटं अशीच गेली. कान वीस वर्षांत जातो, हात एका ठोक्यात. आम्ही हात निवडला. आणि वर फोरमन म्हणणार, प्लग घालून काम हळू होतं.

रबाळे सेफ्टी
मग बोलायचं होतं, युनियन होती ना?

तुर्भे फिटर
मी ठेकेदाराकडे होतो. माझं ना युनियनमध्ये नाव, ना कामगार विम्याचं (ईएसआय) कार्ड. दरवर्षी कान तपासायला गाडी यायची, ती कायम कामगारांसाठी. तू सह्या गोळा कर.

कानवाली ताई (ठाणे)
दादांचं खरं आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातून जे येतात त्यांच्या ऑडिओग्रामला (ऐकण्याच्या आलेखाला) ४००० हर्ट्‌झला आवाजाने पडणारा तोच खड्डा. आवाजाने आलेला बहिरेपणा जुन्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होता, त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही आहे, म्हणजे तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे. माझ्याकडे आलेल्या एकाच्याही कागदात असं कळवल्याची नोंद मी पाहिलेली नाही. कागदावर सगळे ‘वयोमानाने’ बहिरे झालेत, चाळिशीतसुद्धा.

रबाळे सेफ्टी
‘थांब’चा मुद्दा मान्य. इशाऱ्याला आवाजाबरोबर दिवा लावता येतो, आमच्याकडे लावलाय, पण तो प्लग सक्तीचे केल्यावर चार वर्षांनी. आधी लावायला हवा होता. ठेकेदारांच्या माणसांची तपासणी आमच्याकडेही होत नाही. हे इथे लिहितोय, ऑफिसात लिहून दिलेलं नाही.

नेरूळकाका
मूळ विषयावर येऊ या का?

तुर्भे फिटर
काका, माझ्यासाठी हाच मूळ विषय आहे.

कानवाली ताई (ठाणे)
दादा, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. आवाजाने मरतात त्या आतल्या कानाच्या पेशी. मध्यकर्णातलं इम्प्लांट त्या परत आणत नाही, हाडं जोरात हलवतं इतकंच. वरच्या पट्टीचे आवाज त्याने चांगले पोचतात, पण शब्द ओळखण्याची ताकद शिल्लक असेल तरच. आधी बांद्र्याला अली यावर जंग या कानाच्या सरकारी संस्थेत जा, जुने कागद घेऊन. तपासणी होईल, उत्पन्नात बसलात तर सरकारी योजनेतून मशीनही मिळेल. ते नीट लावून सहा महिने बघा.

तुर्भे फिटर
जुने कागद नाहीत. एकदा पैसे भरून तपासलं होतं, ते ठेकेदाराने ठेवून घेतलं. बांद्र्याला जाईन, मुलाला सुट्टी मिळाली की.

नेरूळकाका
ताई, बॅटरीचं मी मिसळलं, कबूल. साउंडब्रिजला तो आक्षेप लागू नाही. कंपनीचा आक्षेप मात्र मागे घेत नाही. प्रोसेसर आपल्याला तहहयात त्यांच्याचकडून घ्यायचा आहे, आणि त्याची किंमत त्या पोस्टमध्ये नव्हती.

वर्षाताई, भावाकडे इम्प्लांटचं कार्ड आहे का? त्यावर मॉडेल नंबर असतो. मेव्हण्याचं कार्ड परदेशातून येताना हरवलं होतं, म्हणून एमआरआय चालेल का, कमाल किती टेस्लाचा, हे इथे कोणालाच सांगता येईना. ज्यांना माहीत नसतं ते नाहीच म्हणतात.

वर्षा
आत्ता कपाट उपसलं. कार्ड आईच्या रेशनकार्डाच्या पिशवीत होतं. ताई म्हणाल्या तेच नंतरचं मॉडेल आहे, व्हीओआरपी ५०३. फोटो भावाच्या फोनवर पाठवला, झेरॉक्स त्याच्या पाकिटात जाईल. आम्हाला हे हॉस्पिटलात कोणी सांगितलं नव्हतं, तेवढ्यासाठी आभार. बाकी तुमच्या पहिल्या पोस्टबद्दल माझं मत तेच आहे.