प्ले कन्सोल अपडेट घेत नाही. जेडीके, ग्रेडल, फ्लटर कोणत्या क्रमाने वर न्यायचं?

केळीपट्टा_रावेर

राम राम मंडळी. केळीचे रोजचे भाव आणि कापणीच्या तारखा दाखवणारं, फ्लटर या गूगलच्या साधनाने बनवलेलं अ‍ॅप आहे. रावेर, यावल, सावदा भागातले शेतकरी आणि व्यापारी वापरतात. घडाचे फोटो अपलोड होतात, भाव बदलला की नोटिफिकेशन जातं.

सध्याची अवस्था: फ्लटर ३.१६, ग्रेडल (बिल्ड करणारं साधन) ७.५, एजीपी (ग्रेडलचं अँड्रॉइड प्लगिन) ७.३.०, कोटलिन (भाषा) १.७.१०, टार्गेट एसडीके ३३. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम. प्ले कन्सोल (प्ले स्टोअरवर चढवायची जागा) नवं बंडल (चढवायची फाइल) घेत नाही, टार्गेट ३५ मागतं. म्हणून अँड्रॉइड स्टुडिओ अपडेट केला, तर आता जुना प्रोजेक्टही बिल्ड होत नाही. एरर: ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’.

दोन प्रश्न. आधी काय अपडेट करायचं? आणि टार्गेट ३५ केलं तर अँड्रॉइड ८-९ चे जुने फोन सुटतील का? बांधावर तेच फोन जास्त आहेत.

पांझराकाठ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण या गैरसमजापायी बरेच जण अपडेट टाळतात. जुने फोन सुटत नाहीत. कोणत्या फोनपर्यंत अ‍ॅप चालेल हे मिन एसडीके ठरवतो. टार्गेट एसडीके एवढंच सांगतो की अ‍ॅपने अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीपर्यंतचे नियम मान्य केलेत. उलट टार्गेट ३३ वर बसून राहिलात तर नवे फोन सुटतात. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅपला आणि अपडेटला टार्गेट ३५ लागतो. ज्यांचं टार्गेट ३४ च्याही खाली आहे, ती अ‍ॅप्स अँड्रॉइड १४ किंवा पुढचे फोन असलेल्या नव्या ग्राहकांना प्ले स्टोअरवर दिसतच नाहीत. आधीपासून इन्स्टॉल असलेल्यांचं चालू राहतं, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही.

आता एरर. ६५ म्हणजे जावा २१. नव्या स्टुडिओसोबत जेडीके (जावाचा संच) २१ येतो, फ्लटर आपोआप तोच उचलतो, आणि ग्रेडल ७.५ ला जावा १८ च्या पुढचं कळत नाही. जावा २१ वर चालायला ग्रेडल किमान ८.५ हवं. कोड बिघडलेला नाही, स्टुडिओ पुन्हा जुना करायचीही गरज नाही.

जेडीके १७ वेगळा टाका आणि ‘फ्लटर कॉन्फिग’ कमांडला ‘जेडीके-डिर’ पर्याय देऊन त्याचा फोल्डर दाखवा. हे सेटिंग त्या मशीनवरच्या सगळ्या प्रोजेक्टना लागू होतं, एवढं ध्यानात ठेवा. मग ‘फ्लटर डॉक्टर’ तपशिलासह चालवून जावाच्या ओळीत १७ दिसतंय का बघा.

यानंतर दुसरं काही न बदलता जुना प्रोजेक्ट तसाच बिल्ड करा. बंडल तयार झालं की गिटमध्ये कमिट. ही पायरी लोक गाळतात, आणि मग पाच गोष्टी एकदम बदलल्यावर कोणत्या बदलाने मोडलं ते शोधत बसतात.

पुढचा क्रम असा:

१. एजीपी जुनंच असताना अ‍ॅपच्या ‘बिल्ड डॉट ग्रेडल’मध्ये नेमस्पेस (कोडचं पॅकेज नाव) लिहा. एजीपी ८ पासून मॅनिफेस्टमधलं (परवानग्या वगैरे लिहायची फाइल) पॅकेज नाव त्या कामाला चालत नाही. बिल्ड, कमिट.

२. ग्रेडल ८.९, एजीपी ८.७.२ आणि कोटलिन २.१.० एकत्र बदला. एजीपी ८.७ ला किमान ग्रेडल ८.९ लागतं, आणि एजीपी ८ ला किमान जेडीके १७. याच वेळी ‘अप्लाय फ्रॉम’ची जुनी पद्धत काढून प्लगिन ‘सेटिंग्ज डॉट ग्रेडल’च्या प्लगिन्स ब्लॉकमध्ये न्या.

३. कंपाइल एसडीके (ज्या अँड्रॉइड आवृत्तीचा संच घेऊन कोड बांधतात ती) ३५. याला एजीपी किमान ८.६.० हवं, म्हणून ही पायरी दुसऱ्या पायरीच्या आधी जमणार नाही.

४. फ्लटर स्टेबल, मग ‘पब आउटडेटेड’ची (जुन्या पॅकेजची) यादी बघून एकेक पॅकेज. ‘मेजर व्हर्जन्स’चा पर्याय देऊन सगळं एका दमात वर ओढू नका.

५. टार्गेट एसडीके ३५ सगळ्यात शेवटी. यामुळे बिल्ड मोडत नाही, अ‍ॅपचं वागणं बदलतं. म्हणून त्याची चाचणी वेगळी.

कळण्याची_भाकरी

पांझराकाठ भाऊंचा क्रम बरोबर शे, पण अँड्रॉइड फोल्डरमध्ये हाताने फार काही लिहिलेलं नसेल तर सोपा रस्ता आहे. नव्या फ्लटरने शेजारी रिकामा प्रोजेक्ट तयार करा, पॅकेज नाव तेच द्या, त्याचा अँड्रॉइड फोल्डर उचला, आणि जुन्यातलं हवं तेवढंच त्यात आणा: मॅनिफेस्टमधल्या परवानग्या, फायरबेसची जेसन फाइल, आयकॉन, साइनिंगचा ब्लॉक. अ‍ॅप्लिकेशन आयडी अक्षर न् अक्षर जुळतो का ते तपासा. व्हर्जन कोड मागच्यापेक्षा मोठा हवा.

सुरुवात करण्याआधी कीस्टोअर फाइल (सही करायची की जिच्यात असते ती) आणि तिचे दोन्ही पासवर्ड लॅपटॉपबाहेर कुठेतरी ठेवा. प्ले अ‍ॅप साइनिंग चालू असेल तर अपलोड की हरवली तरी बदलून मिळते. चालू नसेल आणि मूळ की गेली, तर त्या अ‍ॅपला अपडेट देता येत नाही.

केळीपट्टा_रावेर

जेडीके १७ दाखवल्यावर जुना प्रोजेक्ट बिल्ड झाला. मग अँड्रॉइड फोल्डर नव्याने घेतला. आता दोन अडचणी. एक जुनं प्लगिन ‘एल-स्टार’ नावाचं अ‍ॅट्रिब्यूट सापडत नाही म्हणतं. ते काढून पाहिलं तर बिल्ड अर्ध्यात थांबून ‘ग्रेडल बिल्ड डीमन डिसअपिअर्ड’ येतं. आते काय करानं?

पांझराकाठ

दुसरी अडचण रॅमची. नव्या फ्लटरच्या ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’मध्ये ग्रेडलला ८ जीबीपर्यंत मेमरी घ्यायची मुभा दिलेली असते, शिवाय मेटास्पेस ४ जीबी. तुमच्या अख्ख्या लॅपटॉपची रॅमच ८. विंडोज, स्टुडिओ आणि क्रोम यांचा वाटा काढला की उरतं किती? मेमरी संपली की डीमन (मागे चालणारी ग्रेडलची प्रक्रिया) मरतो, आणि एररमध्ये खरं कारण लिहिलेलं नसतं. ‘एक्सएमएक्स’ (ती ८ जीबीची मर्यादा) २ जीबी आणि मेटास्पेस १ जीबी करा. इम्युलेटर बंद ठेवा, केबलने खरा फोन जोडा. विंडोज डिफेंडरच्या वगळण्याच्या यादीत प्रोजेक्टचा आणि ग्रेडलचा फोल्डर घाला, बिल्डचा वेळ बराच कमी होतो.

‘एल-स्टार’ हे अ‍ॅट्रिब्यूट कंपाइल एसडीके ३१ मध्ये आलं. तुमच्या अ‍ॅपचा कंपाइल ३५ असला तरी प्लगिनच्या स्वतःच्या ग्रेडल फाइलमध्ये २८-२९ असा जुना आकडा पक्का लिहिलेला असणार. वरच्या ‘बिल्ड डॉट ग्रेडल’मध्ये सबप्रोजेक्ट्सचा ब्लॉक टाकून सगळ्या प्लगिनना कंपाइल ३५ लावता येतो. पण ही मलमपट्टी झाली. पब डेव्हवर त्या प्लगिनची शेवटची आवृत्ती कधीची आहे बघा. दोन-तीन वर्षं हात लागलेला नसेल तर पर्याय शोधा, कारण पुढे नेमस्पेसवर किंवा जुन्या रजिस्ट्रारवर (प्लगिन जोडायची व्ही-१ पद्धत) तेच प्लगिन पुन्हा अडेल. फ्लटर ३.२९ मध्ये अँड्रॉइडचं जुनं व्ही-१ एम्बेडिंग काढून टाकलं आहे.

सातपुडा_कोड

१६ केबीचा मुद्दा राहिला. १ नोव्हेंबर २०२५ पासून, टार्गेट ३५ किंवा वर असलेल्या बंडलमधल्या नेटिव्ह (सी/सी++ च्या) लायब्ररी ६४ बिट फोनवर १६ केबी मेमरी पेजवर (मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते ते) चालल्या पाहिजेत. तुम्ही सी++ ची एक ओळ लिहिली नसली तरी प्लगिनच्या पोटात ‘डॉट एसओ’ फाइली असतात. डेटाबेस, पीडीएफ, बारकोड स्कॅनर आणि इमेज कॉम्प्रेशन ही नेहमीची ठिकाणं.

तपासायला स्टुडिओच्या बिल्ड मेन्यूतून एपीके अ‍ॅनालायझर उघडा, लिब फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलपुढे अलाइनमेंट दिसते. ४ केबी दिसलं की ते पॅकेज वर न्या. एनडीके (सी/सी++ कोड बांधायचा संच) आर २८ मध्ये १६ केबी आपोआप मिळतं, आर २७ मध्ये फ्लॅग द्यावा लागतो. एपीकेच्या आतली मांडणी एजीपी ८.५.१ पासून नीट होते, म्हणजे ८.७.२ वर ती काळजी नाही. पण प्लगिनवाल्याने तयार लायब्ररी ४ केबीने बांधून दिली असेल तर तुमचा एनडीके बदलून काडीचा फरक पडणार नाही.

कळण्याची_भाकरी

नेट आणि लाइट यांचाही विचार करा, आपल्याकडे निम्म्या भानगडी तिथल्याच. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. ग्रेडलची झिप अर्धवट उतरली की पुढच्या वेळी ‘झिप एंड हेडर नॉट फाउंड’ येतं आणि कितीही वेळा बिल्ड केलं तरी तेच येतं. युजर फोल्डरमधल्या डॉट ग्रेडल, रॅपर, डिस्ट्स इथे जाऊन त्या आवृत्तीचा फोल्डर उडवा आणि पुन्हा उतरवा. रॅपर प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑल’ऐवजी ‘बिन’ झिप लिहा, लहान असते आणि बिल्डला तेवढीच लागते. तिथेच ‘नेटवर्क टाइमआउट’ १०००० मिलिसेकंद, म्हणजे १० सेकंद असतो. तो ६०००० करा.

पॅकेज अर्धी उतरली असतील तर ‘पब कॅश रिपेअर’. ‘स्टार्टअप लॉक’ची वाट बघत फ्लटर अडकला तर आधी टास्क मॅनेजरमधून डार्टच्या प्रक्रिया बंद करा, मग फ्लटरच्या बिन, कॅश फोल्डरमधली लॉकफाइल काढा.

कॉलेजच्या लॅबमध्ये वीस मशीन असतील तर वीस वेळा डाउनलोड नको. एका मशीनवर बिल्ड पूर्ण करा, ग्रेडलच्या कॅशमधला ‘मॉड्यूल्स-२’ फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, त्यातल्या लॉक फाइली काढा आणि इतर मशीनवर ‘ग्रेडल आरओ डेप कॅश’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने, तो ज्या फोल्डरात ठेवला तो वरचा फोल्डर दाखवा. ग्रेडलची आवृत्ती सगळीकडे एकच ठेवा.

केळीपट्टा_रावेर

बिल्ड झालं! कंपाइल ३५, बंडल तयार. टार्गेट ३५ करण्याआधी काय काय तपासू?

सातपुडा_कोड

३३ वरून ३५ म्हणजे दोन पातळ्यांचे नियम एकदम लागू होतात.

टार्गेट ३४: फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवत मागे चालू राहणारं काम) असेल तर मॅनिफेस्टमध्ये तिचा प्रकार लिहावा लागतो, नाहीतर अँड्रॉइड १४ वर अ‍ॅप क्रॅश होतं. ठरल्या मिनिटाला वाजणाऱ्या अलार्मची परवानगी अँड्रॉइड १४ वर नव्या इन्स्टॉलला आपोआप मिळत नाही (हे टार्गेट ३३ लाही लागू होतं). कापणीची आठवण थोडी उशिरा आली तरी चालत असेल तर साधा अलार्म वापरा आणि ती परवानगी मागूच नका.

टार्गेट ३५: अँड्रॉइड १५ वर स्क्रीन काठापासून काठापर्यंत पसरते. खालचं ‘भाव पाठवा’ बटण नेव्हिगेशन बारखाली जाऊन दाबलंच जात नाही, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. प्रत्येक पानाला सेफ एरिया (बारपासून जागा सोडणारं फ्लटरचं विजेट) द्या आणि तीन बटणांचा बार व जेश्चर, दोन्हीवर बघा. यातून सूट घेणारी एक थीम सेटिंग आहे, पण टार्गेट ३६ वर अँड्रॉइड १६ ती जुमानत नाही. म्हणून तिच्या नादी लागू नका.

घडाच्या फोटोसाठी गॅलरीची परवानगी मॅनिफेस्टमध्ये असेल तर काढा. सिस्टिमचा फोटो पिकर परवानगीशिवाय चालतो, आणि अधूनमधून एखादा फोटो घेणाऱ्या अ‍ॅपने पिकरच वापरावा असं प्लेचं धोरण आहे. जुन्या प्लगिनमुळे ही परवानगी आपोआप घुसते, म्हणून एकत्र झालेलं मॅनिफेस्ट उघडून बघा.

बंडल आधी इंटर्नल टेस्टिंगला टाका, मग प्रॉडक्शनला १० टक्क्यांपासून सुरुवात करा. आर-८ चा (रिलीझचा कोड आकसवणारं साधन) फुल मोड एजीपी ८ पासून आपोआप चालू असतो. डीबगमध्ये नीट चालणारं अ‍ॅप रिलीझमध्ये पांढरी स्क्रीन दाखवू लागलं तर आधी प्रोगार्डचे कीप नियम (कोणता कोड काढू नये ते) तपासा.