पहिल्याच कादंबरीतला काळोख वाचकाला का ओढतो?

पानगळ

नमस्कार. अलीकडे इंग्रजी गुन्हेकथा सलग वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. मला सर्वाधिक अस्वस्थ करणाऱ्या, आणि तरीही हातातून खाली न ठेवता आलेल्या बऱ्याच कादंबऱ्या त्या त्या लेखकाच्या पहिल्याच होत्या. गिलियन फ्लिन यांची ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ (२००६) आणि टाना फ्रेंच यांची ‘इन द वूड्स’ (२००७) ही त्यांतली ठळक नावे. दोन्हींत लहान मुलींचे खून आहेत आणि दोन्हींत कथा सांगणारी व्यक्तीच आतून मोडलेली आहे. एवढे क्लेशकारक काही वाचावेसे का वाटते, आणि पहिल्याच पुस्तकात हा काळोख इतका गडद का उतरतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे. खुनी कोण हे मात्र कृपया उघड करू नये.

आडवाट

माझ्या मते मुख्य कारण हे, की पहिल्या कादंबरीत कोणाच्याही सुरक्षिततेची हमी नसते. बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार कितीही संकटात सापडला तरी तो पुढच्या पुस्तकात भेटणार, हे वाचकाला पक्के ठाऊक असे, आणि त्या वाचनाचा आनंदच त्या विश्वासावर उभा होता. पहिलटकर लेखकाला मात्र असा नायक सांभाळायचा नसतो, त्यामुळे तो हातचे काही राखत नाही.

‘इन द वूड्स’मध्ये १९८४ च्या उन्हाळ्यात डब्लिनजवळच्या नॉकनरी गावातली तीन मुले रानात जातात आणि त्यांतला एकच सापडतो. त्याची नखे झाडाच्या सालीत रुतलेली असतात, बूट रक्ताने माखलेले असतात आणि त्याला काहीही आठवत नसते. तोच मुलगा पुढे नाव बदलून पोलीस अधिकारी होतो आणि त्याच गावातल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या खुनाचा तपास, स्वतःची ओळख लपवून, हाती घेतो. नवा खून उलगडतो. जुने कोडे लेखिका सोडवत नाही. पुष्कळ वाचक यावर चिडतात, पण मला तो या पुस्तकाचा सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो, कारण ज्याची स्मृतीच पुसली गेली आहे त्याला सोयीस्कर उत्तर मिळाले असते तर त्या माणसाचे दुःखच खोटे ठरले असते. पुढच्या ‘द लाइकनेस’मध्ये (२००८) फ्रेंच यांनी निवेदन त्याच्या सहकारी कॅसी मॅडॉक्सकडे सोपवले.

नदीकाठ

आडवाट यांच्याशी सहमत आहे, पण ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ची ओढ मला वेगळी वाटते. तिथे भीती घरात आहे. शिकागोची वार्ताहर कमिल मिझुरीतल्या आपल्या लहानशा गावी बातमीसाठी परतते आणि आईच्या देखण्या, शिष्टाचारी घरात उतरते. तिने स्वतःच्या त्वचेवर शब्द कोरून घेतलेले आहेत, म्हणून ती अंगभर कपडे घालून वावरते; मनावर ताण आला की त्यांतला एखादा शब्द जणू पेट घेतो. आईच्या मायेबद्दल, स्त्रियांच्या हातून होणाऱ्या हिंसेबद्दल इतके निर्भीडपणे लिहिणाऱ्या गुन्हेकथा मी फार थोड्या वाचल्या आहेत. वाचकाला खिळवते ते रक्तापेक्षा हे उघडे बोलणे.

गुन्हेकथेच्या जगात नवोदितांकडे मुद्दाम लक्ष दिले जाते, हेही विसरू नये. अमेरिकेतल्या एडगर पुरस्कारांत पहिल्या कादंबरीचा स्वतंत्र विभाग १९४६ पासून आहे, आणि २००८ साली तो फ्रेंच यांना मिळाला. फ्लिन यांना २००७ मध्ये ब्रिटिश गुन्हेकथालेखकांच्या संघटनेचे दोन पुरस्कार लाभले, त्यांतला एक नवोदितांसाठीचाच होता.

माजघर

एक मतभेद नोंदवते. या दोन पुस्तकांच्या यशानंतर काळोख हे पुष्कळदा केवळ विक्रीचे साधन झाले. पहिल्या पानावर मुलीचे प्रेत ठेवायचे आणि नंतर तिचा विचारच करायचा नाही, अशी पुस्तके मी अर्ध्यावर सोडते. फ्लिन यांच्या गावाला मेलेल्या मुली गोड, गुणी म्हणून आठवायच्या असतात, तर कमिलच्या चौकशीतून त्या हट्टी, संतापी आणि जिवंत वाटाव्यात अशा उभ्या राहतात. फ्रेंच यांच्या कादंबरीत खून झालेली केटी नृत्यशाळेत जायला निघालेली असते, आणि तिचे ते हुकलेले आयुष्य तपासभर मनात राहते. पानगळ, नवे पुस्तक निवडताना पहिली पन्नास पाने वाचून मेलेल्या व्यक्तीबद्दल आपल्याला काय कळले, एवढे पाहा. काहीच कळले नसेल तर ते पुस्तक खुशाल परत करा.