अनुभव धागा: इंडियन ओशन तुमच्यापर्यंत कसा पोचला?

दिल्लीच्या या बँडला नाव मिळालं ते फार सावकाश. सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये सुरुवात केली, मग बेसवर राहुल राम आला, १९९४ मध्ये ड्रम्सवर अमित किलाम. पहिला अल्बम १९९३ चा. दुसरा, ‘डेझर्ट रेन’, म्हणजे १ जानेवारी १९९७ ला पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ दिल्लीत झालेल्या कार्यक्रमाचं थेट रेकॉर्डिंग. लोकांच्या तोंडी नाव बसलं ते २००० च्या ‘कंदिसा’नंतर. ना हिरो-हिरॉइन, ना प्रेमगीतं. तरी हे लोक गावोगाव पोचले कसे? आपापले किस्से टाका. लांबलचक चालतील.

केबलवाला: इंजिनिअरिंगला असताना आमच्या फेस्टला आले होते. मी वायरी गुंडाळणाऱ्या गँगमध्ये. तोवर आमच्याकडे रॉक म्हणजे काळे टीशर्ट आणि इंग्रजी गाण्यांची कव्हर्स. इथे असीमदांसाठी चौथरा लावायचा होता, कारण हा माणूस मांडी घालून तबला वाजवणार आणि त्याच वेळी गाणार! भाड्याचा साउंडवाला चक्रावला. शेजारीच ड्रम्स. डग्ग्याचा माइक जरा उघडला की त्यात ड्रम्स घुसायचे, आवाज चढवला की मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेला स्पीकर, शिट्टी मारायचा. बराच वेळ हेच चाललं. पाहुणे निवांत, घाम आम्हाला. शेवटी मॉनिटरचं तोंड फिरवलं, माइक डग्ग्याला जवळजवळ चिकटवला, तेव्हा कुठे घुमारा आला. रात्री ‘कंदिसा’ सुरू झालं. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांचं ॲरमाइक स्तोत्र ते. एक अक्षर कळत नव्हतं, पण मागच्या रांगेतली टवाळ पोरंसुद्धा सूर लावत होती. पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या बँडने तबलजी शोधला. मिळाला ढोलकीवाला. तोही झकास वाजला.

धडगावकर: मी उलट्या बाजूने आलो. नंदुरबारच्या नर्मदाकाठी कामानिमित्त फिरायचो तेव्हा ‘मा रेवा’ हे नदीचं गाणं म्हणूनच कानावर होतं. बँडचं आहे हे नंतर कळलं; म्हणजे बँडचं नव्हेच, राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होता, तिथून ते गेलं. कॉर्नेलची पीएचडी घेऊन आलेला माणूस खोऱ्यात राहिला, याचं मला जास्त अप्रूप. ‘कंदिसा’ आला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. इकडे गाणं चढत होतं, तिकडे पाणी. नंतर एका कंपनीच्या वार्षिक पार्टीत याच गाण्यावर लोक ग्लास हातात घेऊन नाचताना पाहिले आणि डोकं फिरलं. पण गाण्याने तरी काय करावं? त्यातला ठेकाच असा की पाय थांबत नाहीत. काठावरचे लोकही त्यावर नाचतातच की.

दादरची: आमच्याकडे ‘बंदे’मुळे. ते ज्यात आहे तो १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा सिनेमा, ‘ब्लॅक फ्रायडे’, कोर्टात अडकला आणि २००७ मध्ये लागला. गाणी मात्र कधीच बाहेर आली होती. त्यामुळे पडद्यावर बघायच्या आधी ते गाणं आमचं पाठ होतं. बास, एवढंच.

खडूस: सगळे भारावलेत म्हणून मुद्दाम लिहितो. असीम २५ डिसेंबर २००९ ला गेला, सुश्मितने २०१३ मध्ये बँड सोडला. तो गिटारचा झंकार आणि तो गळा, दोन्ही गेल्यावर उरलं काय? नावाची पाटी. हल्लीचे कार्यक्रम चांगले असतात, नाही असं नाही, पण पब्लिक जुनीच गाणी मागतं.

न्यू जर्सीतून: खडूस, अर्धं पटलं. २०१० मध्ये त्यांनी ‘१६/३३० खजूर रोड’ काढला. करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात त्यांचा सराव चालायचा, त्याचाच हा पत्ता. सात गाणी, महिन्याला एक, इंटरनेटवर फुकट. कंपनीच्या मागे लागायचं नाही, सीडी भारतातून कुणी आणेल याची वाट बघायची नाही. आम्हा परदेशातल्यांना तर लॉटरीच. आणि त्यात असीमचा आवाज होता, तो जायच्या आधी रेकॉर्ड केलेला. माझी मुलगी तेव्हा लहान होती, तिला वाटायचं हे काका दर महिन्याला आपल्यासाठी गातात. मी काही बोललो नाही.

रेल्वेप्रेमी: आणि खडूसराव, ‘मसान’ सिनेमा २०१५ चा आहे, म्हणजे दोघेही नसतानाचा. त्यातलं रेल्वेचं गाणं आपल्या स्वानंद किरकिरेंनी गायलंय, संगीत इंडियन ओशनचं. पाटी म्हणे! हेडफोन लावून ऐका आणि मग इथे येऊन भांडा.