मदत हवी आहे: भाऊचा धक्का ते रेवस लाँच, वाडी, आणि त्याच दिवशी घरी

नमस्कार मंडळी,

आई (वय ७२, दोन्ही गुडघे कुरकुरतात) आणि बाबा (७८, तब्येत ठणठणीत, ऐकू कमी येतं म्हणून सगळ्याला हो) यांना एक दिवस पाण्यावरून फिरवून आणायचं आहे. मुक्काम नाही. बाबांना परक्या उशीवर झोप लागत नाही आणि या विषयावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

आईचं माहेर रेवदंडा. १९७६ साली लग्न होऊन गिरगावात आली ती रेवसहून लाँचने, त्यामुळे तिला जायचं तर लाँचनेच. मामाने वाडी केव्हाच विकली. तिथे जायचं नाही म्हणते, "दुसऱ्याच्या बेड्यातून (वाडीच्या फाटकातून) काय डोकावायचं!" पण कुठल्याही नारळी-पोफळीच्या वाडीत, शिंपणं चालू असताना, तासभर बसायचं आहे. पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात शिरताना मातीचा वास येतो, तो मुंबईत नाही म्हणे. मी राणीची बाग सुचवली. तिने उत्तर दिलं नाही.

गेल्या जानेवारीत एकदा निघालो होतो. जाताना झकास झालं. धक्क्यावर मासळीच्या टोपल्यांतून वाट काढत लाँचमध्ये बसलो. पुढे नांगर टाकून उभी असलेली जहाजं, डावीकडे जेएनपीटी बंदराच्या क्रेन, मग करंजाचा डोंगर. आई एकदाही बाकावर टेकली नाही. रेवसला उतरून एसटीने अलिबाग, तिथून नागावला एका ओळखीच्यांची वाडी. तिथे मोटरपंप आणि काळा पाइप. राहाट नाहीच, पाटही बुजवलेले. आईने पाइपला हात लावून पाहिला आणि शहाळं मागितलं.

पाच वाजता रेवसला परत आलो तर जेट्टीच्या दोन्ही बाजूंना नुसता गाळ, त्यात एक मचवा कलंडलेला. सकाळी आम्हाला परतीची वेळ पाच सांगितली होती, ती कुणाच्या भरवशावर देव जाणे. शेजारी रिकामी टोपली पालथी घालून बसलेली कोळीणबाई हसली. "पुनवेची सुकती हाय ही. आता पानी रातीला." सुकती म्हणजे ओहोटी. मग एसटी, पेण, पनवेल करत साडेअकराला घरी. बाबा वाटेत एवढंच म्हणाले, "बोट मोठी होती हं."

तर प्रश्न असे. लाँचने जाऊन लाँचनेच परत येता येईल असा दिवस कसा काढायचा? आईला पायऱ्या उतरायला त्रास होतो. पाणी खाली गेलं की धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरणं तिला जमणार नाही. आणि चौल, रेवदंडा, नागाव भागात राहाट नसला तरी चालेल, पण पाटाने शिंपणं होतं अशी वाडी माहीत आहे का, जिथे आधी फोन करून तासभर बसता येईल? रिसॉर्ट नको. झोपाळा आणि "ऑथेंटिक पोपटी" (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) तर अजिबात नको.

---

पाऊणपट:
ताई, दिवस पंचांगातून काढा. तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. पौर्णिमा म्हणजे पंधरा पाऊणे सव्वाअकरा. सहा तासांनी ओहोटी, म्हणजे तुमचे पाच वाजले की रेवस कोरडं. त्यातून पौर्णिमा-अमावास्येला उधाण, भरती मोठी तशी ओहोटीही खोल.
तुम्हाला अष्टमी हवी. आठ पाऊणे सहा. पहाटे सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी, तेव्हा तुम्ही वाडीत. शिवाय अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी आणि पाणी फार खाली जात नाही. आईंच्या पायऱ्यांचंही काम झालं. सकाळची पहिली लाँच धरा. वद्य असो वा शुद्ध, हिशोब तोच.

धक्क्यावरची:
परतीला लाँचचा हट्ट कशाला? कुणीतरी गाडी घेऊन रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरा, तिथून रेवस जवळ आहे. आईबाबांना लाँचवरून उतरवून घ्या, दिवसभर गाडी हाताशी, संध्याकाळी मांडव्याहून गाडीसकट रो-रो. ती भाऊच्या धक्क्यालाच येते आणि गाडी सरळ तिच्या पोटात जाते, पायऱ्यांनी उतरायला नको. मात्र सुट्टीच्या दिवशी तिकीट आधी काढा.
वाडीबद्दल: २०२०च्या जूनमधल्या निसर्ग वादळात रेवदंडा-चौलकडच्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. आमच्या आत्याच्या वाडीत साठातल्या अकरा उरल्या. नवीन लावलेल्या आत्ता कुठे धरायला लागल्यात. आईंना आधीच सांगून ठेवा, तिच्या डोक्यातली गच्च सावली सगळीकडे मिळणार नाही. आत्याकडे पाट आहेत, पंपाचं पाणी पाटात सोडते. विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

पाऊणपट, धक्क्यावरची, दोघांनाही मनापासून धन्यवाद. आईला पाऊणकीचा हिशोब वाचून दाखवला. म्हणाली, हे अण्णा (तिचे वडील) बोटांवर करायचे, तू विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं. कालनिर्णयावर पुढच्या अष्टमीला पेनाने गोल केलाय. गुरुवार आहे, म्हणजे गाडी आणणाऱ्या भावाला रजा टाकावी लागणार.

अकरा पोफळींचंही सांगितलं. थोडा वेळ गप्प होती. मग विचारलं, आत्याकडे बसायला काही असेल का, की चटई नेऊ? गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही तिला, पण चटईच म्हणाली. आत्याबाईंकडे एखादी खुर्ची असली तर तेवढं व्यनित कळवा.