देवमाशांचे बंद कारखाने: हे भंगार उचलत का नाहीत?

कोरा_कागद:
दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावरच्या ग्रीटव्हिकेन या देवमाशांच्या बंद कारखान्याचे फोटो पाहिले. गंजून लाल झालेल्या टाक्या, काठाला लागलेली जुनी जहाजं आणि मधोमध लोळणारे सील. समुद्र वाचवायचा म्हणतात, मग हे भंगार उचलून किनारा मोकळा का करत नाहीत?

बॉयलरवाला:
प्रवासी जहाजावर इंजिनरूममध्ये होतो, तेव्हा तिथे दोनदा उतरलोय. उतरण्याआधी बूट घासून धुवायचे, जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी चिमट्याने काढायचं. परकं बी बेटावर जाता कामा नये. इतका सोवळेपणा करून वर गेलो, तर समोर हा गंज!

सगळे चर्च बघायला गेले, मी पाईप बघत बसलो (सवय). किनाऱ्यावरच्या ओट्यावर देवमासा वाफेच्या विंचने ओढून घेत, चरबीचे पट्टे सोलत आणि मोठ्या कुकरमध्ये शिजवून तेल काढत. हाडांचे कुकर वेगळे. तेलाचं पुढे मार्जरीन, साबण. १९०४ साली कार्ल अँटन लार्सेन या नॉर्वेजियन माणसाने हे सुरू केलं आणि साठेक वर्षांत बेटावरच्या सगळ्या कारखान्यांनी मिळून सुमारे १,७५,००० देवमासे संपवले. मांडणी चोख आहे हो, कुठे एक पाईप वाकडा नाही. तेच पोटात ढवळतं.

आता उचलण्याचं. अडचण अ‍ॅस्बेस्टॉसची, म्हणजे पाईप-बॉयलरवरच्या उष्णतारोधक आवरणाची; त्याचे तंतू श्वासात गेले तर फुफ्फुसाला घातक. ग्रीटव्हिकेनमधलं २००३-०४ मध्ये काढलं, म्हणून तिथे फिरता येतं. बेटावरच्या लीथ, स्ट्रॉमनेस, हुस्विक या इतर बंद कारखान्यांच्या २०० मीटरच्या आत जायला बंदी आहे. १९१६ मध्ये अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी शॅकल्टन बर्फाचे डोंगर ओलांडून मदतीसाठी पोचला तो स्ट्रॉमनेसलाच. आज पोचला असता तर त्याला २०० मीटरवर थांबवलं असतं.

खारा_वारा:
एक भर. कारखाने कुणाला दया आली म्हणून बंद पडले नाहीत. १९२५ पासून मागच्या उतारावरून अख्खा देवमासा आत ओढणारी कारखाना-जहाजं आली, किनाऱ्याची गरज कमी झाली. १९६५ च्या सुमारास पकडायला देवमासेच उरले नव्हते. व्यापारी शिकारीवरच्या बंदीचा ठराव १९८२ चा, अंमल १९८६ पासून. म्हणजे टाळं आधी, कायदा वीस वर्षांनी.

हंपबॅक जातीचे देवमासे आता परतलेत. निळे देवमासेही: २०२० च्या पाहणीत बेटाभोवती ५५ मोजले. पण त्यांचं खाणं असलेलं क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) आपण माणसंही पकडतो. तिथे ते फक्त हिवाळ्यात पकडू देतात, पेंग्विन-सीलांच्या विणीचा काळ सोडून. देवमासे हिवाळ्यातही रेंगाळू लागले तर काय, हा प्रश्न मला भंगारापेक्षा मोठा वाटतो.

कोरा_कागद:
कुकर राहू देत मग. बॉयलरवाले, त्या पाईपांचे फोटो आहेत का?

बॉयलरवाला:
आहेत ढीगभर. निम्म्यांत सील आडवा आलाय.